अपडेटनंतर बदललेली ई-पुस्तकांची लायब्ररी पूर्ववत कशी करावी?

पानकोळी

नमस्कार. माझ्या संगणकावर कॅलिबर या ई-पुस्तके सांभाळणाऱ्या कार्यक्रमात लावलेला सुमारे अडीच हजार ई-पुस्तकांचा संग्रह आहे. मराठी पुस्तकांची शीर्षके आणि लेखकांची नावे मी देवनागरीत, एकाच ठरावीक पद्धतीने आणि बहुतांशी हाताने भरलेली आहेत. विषयवार टॅगही माझे स्वतःचे आहेत. काल रात्री मी कॅलिबरची नवी आवृत्ती बसवली आणि तिच्याबरोबर, पुस्तकांची माहिती जालावरून आणून देणारे एक प्लगइनही (कॅलिबरला वरून जोडायचा छोटा कार्यक्रम) अद्ययावत केले. जुन्या आवृत्तीत हे प्लगइन केवळ रिकामे रकाने भरत असे. नव्या आवृत्तीने भरलेले रकानेही बदलून टाकले. ही गोष्ट लक्षात येईपर्यंत निम्म्याअधिक संग्रहावरून त्याचा हात फिरून गेला होता. देवनागरी शीर्षके रोमन झाली, लेखकांच्या नावांत आडनाव आधी आले, माझे टॅग जाऊन तिथे कुठल्याशा दुकानातील वर्गवारी आली आणि काही मुखपृष्ठेही बदलली.

मी कॅलिबर लगेच बंद केले असून अजून पुन्हा उघडलेले नाही. संपूर्ण लायब्ररीची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर आहे, परंतु ती काही महिन्यांपूर्वीची आहे आणि त्यानंतर बरीच नवी पुस्तके आली आहेत. कॅलिबरची जुनी आवृत्ती पुन्हा बसवली तर सारे पूर्ववत होईल का? होणार नसेल, तर काय करावे?

वाळवी

उघडलेले नाही हे उत्तम केलेत. कृपया सविस्तर उत्तर येईपर्यंत उघडूही नका. त्यामागचे कारण संध्याकाळी सवडीने लिहिते.

जुनाजाणता

माझा अनुभव असा की जुन्या आवृत्तीवर परतणे मुळीच अवघड नाही. सप्टेंबर २०२० मध्ये कॅलिबर ५.० आले, तेव्हा सारा कार्यक्रम पायथन ३ या प्रोग्रामिंग भाषेवर नेला गेला आणि ज्या प्लगइनांचे लेखक तोवर जागे झाले नव्हते, ती सगळी प्लगइने एका रात्रीत बंद पडली. मी नवी आवृत्ती काढून ४.२३ पुन्हा बसवली आणि माझी प्लगइने दुरुस्त होईपर्यंत तिच्यावरच सुखाने राहिलो. पुढे २०२२ च्या जुलैमध्ये ६.० ने खिडक्या-बटणे उभारणारी क्यूटी ६ ही प्रणाली स्वीकारली आणि ३२-बिट विंडोजला निरोप दिला, तेव्हा माझ्या जुन्या यंत्रावर ५.४४ वर थांबण्यावाचून पर्यायच नव्हता. जुन्या आवृत्त्या कॅलिबरच्याच संकेतस्थळावर उतरवून घेता येतात. तेव्हा पानकोळी, मनावर घेऊ नका, जुनी आवृत्ती बसवा आणि झोपा.

कुतूहल

जुनी आवृत्ती बसवल्यावर बदललेली शीर्षके परत येतील, असे तुम्हाला म्हणायचे आहे का? मला त्याविषयी शंका आहे.

जुनाजाणता

शीर्षकांविषयी मी काहीच म्हटलेले नाही. झोप येईल एवढेच म्हटले आहे.

वाळवी

सकाळी अर्धवट सोडलेले आता पुरे करते.

कॅलिबर हा कार्यक्रम वेगळा आणि कॅलिबरची लायब्ररी वेगळी. कार्यक्रम जुना केला तर बटणे, मांडणी आणि प्लगइनांशी असलेली जुळणी मागे जाते. लायब्ररीतील नोंदी मात्र जिथे आहेत तिथेच राहतात, कारण त्या कार्यक्रमात नसून लायब्ररीच्या फोल्डरमधील 'मेटाडेटा.डीबी' या एका एसक्यूलाइट फाइलमध्ये, म्हणजे डेटाबेसमध्ये, असतात. प्लगइनने जे बदल केले ते या फाइलमध्ये नोंदले गेले आहेत. जुनाजाणता यांना ५.० च्या वेळी जो त्रास झाला तो कार्यक्रमाचा होता, म्हणून त्यांचा उपाय लागू पडला. पानकोळी यांचा त्रास नोंदींचा आहे.

आता उघडू नका असे का म्हटले ते सांगते. कॅलिबर प्रत्येक पुस्तकाच्या फोल्डरमध्ये, पुस्तकाच्या फाइलशेजारी, 'मेटाडेटा.ओपीएफ' नावाची एक लहानशी मजकूर-फाइल ठेवते. त्या पुस्तकाचे शीर्षक, लेखक, टॅग, मालिका, टिपा हे सारे तीत लिहिलेले असते. एखादी नोंद बदलली की डेटाबेस तत्काळ बदलतो. ओपीएफ मात्र लगेच बदलत नाही. बदललेल्या पुस्तकांची एक यादी डेटाबेसमध्येच तयार होते आणि कॅलिबर उघडे असताना मागच्या मागे, एकेक पुस्तक घेऊन, सवडीने त्यांच्या ओपीएफ नव्याने लिहिल्या जातात. हजारभर पुस्तके एका दमात बदलली असतील तर या कामाला चांगलाच वेळ लागतो. तुम्ही कॅलिबर लगेच बंद केले असल्यामुळे पुष्कळशा पुस्तकांच्या ओपीएफमध्ये अजूनही तुमची जुनी देवनागरी नोंद असण्याची दाट शक्यता आहे. कॅलिबर पुन्हा उघडलेत की ती राहिलेली यादी पुढे चालू होईल आणि त्या जुन्या नोंदी एकामागून एक पुसल्या जातील.

म्हणून पहिले काम एकच: लायब्ररीचे संपूर्ण फोल्डर जसेच्या तसे दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्या. पुढचे प्रयोग त्यानंतर.

पानकोळी

प्रत घेतली. तुम्ही म्हणता ते तंतोतंत खरे निघाले. फाइलींच्या बदलाच्या तारखा पाहिल्या, तर काही ओपीएफ काल रात्रीच्या आहेत आणि बऱ्याच मागच्या वर्षीच्या किंवा त्याहूनही जुन्या. त्यांपैकी एक साध्या मजकूर-संपादकात उघडून पाहिली. 'डीसी:टायटल' या खुणांच्या मध्ये माझे देवनागरी शीर्षक जसेच्या तसे आहे आणि त्याखाली 'डीसी:सब्जेक्ट' या खुणांमध्ये माझे टॅग एकाखाली एक आहेत. रात्री सुटलेला निःश्वास वेगळा होता, हा वेगळा आहे.

निमूट

हा सगळा खटाटोप वाचून मला एक मूलभूत प्रश्न पडतो. पुस्तकांच्या फाइली लेखकाच्या नावाच्या फोल्डरमध्ये ठेवाव्यात, फाइलीला पुस्तकाचे नाव द्यावे, आणि विषय संपवावा. माझ्या फोल्डरांना आजवर कुठल्याही प्लगइनने हात लावलेला नाही. ज्याला अद्ययावत करता येत नाही ते बिघडतही नाही.

शब्दवेल्हाळ

निमूट, तुमची पद्धत शे-दीडशे पुस्तकांना पुरते. एकाच पुस्तकाला दोन लेखक आणि एक अनुवादक असला की ते कोणाच्या फोल्डरमध्ये ठेवायचे, हा प्रश्न ज्या दिवशी पडतो त्या दिवसापासून माणूस डेटाबेसकडे वळतो. शिवाय कॅलिबरच्या आतली फोल्डरे माणसाने वाचावीत म्हणून नसतातच. लेखक आणि शीर्षक यांवरून ते स्वतः फोल्डरांना नावे देते आणि ती देताना देवनागरीचे रोमनमध्ये यांत्रिक लिप्यंतर करते. त्या लिप्यंतरात आपल्याच आवडत्या लेखकाचे नाव ओळखताना दमछाक होते.

या लिप्यंतरामुळे पानकोळी यांच्या बाबतीत एक खड्डा आहे, तो आधीच दाखवून ठेवतो. डिस्कवरच्या जुन्या प्रतीतील 'मेटाडेटा.डीबी' उचलून आजच्या लायब्ररीत टाकावी, हा मोह होईल. तो टाळावा. शीर्षक किंवा लेखक बदलला की कॅलिबर त्या पुस्तकाचे फोल्डरही नव्या नावाने हलवते. तुमची शीर्षके देवनागरीतून रोमन झाली, तेव्हा यांत्रिक लिप्यंतराची जुनी नावे जाऊन दुकानी स्पेलिंगची नवी नावे फोल्डरांना मिळाली असणार. जुना डेटाबेस जुन्या फोल्डरांचे पत्ते सांगेल आणि त्या पत्त्यांवर कोणीच राहत नसेल. यादीत पुस्तक दिसेल, पण उघडायला गेलात की फाइल सापडत नाही असा निरोप येईल. नंतर आलेली पुस्तके तर यादीतही नसतील.

कुतूहल

मग जुने आणि नवे पुस्तक एकमेकांशी जुळवायचे कशावरून? नावेच बदललेली आहेत.

शब्दवेल्हाळ

फोल्डरच्या नावाच्या शेवटी कंसात जो आकडा असतो त्यावरून. तो त्या लायब्ररीतील पुस्तकाचा क्रमांक आहे. शीर्षक कितीही वेळा बदलले तरी तो बदलत नाही.

टंकलेखिका

'लायब्ररी मेंटेनन्स'मध्ये 'रिस्टोअर डेटाबेस' नावाची सोय आहे, तिचा कोणी उल्लेख कसा केला नाही? ती सगळ्या ओपीएफ वाचून डेटाबेस नव्याने उभा करते. पानकोळी यांच्या जुन्या ओपीएफ शाबूत असतील, तर एका टिचकीचे काम आहे.

वाळवी

टंकलेखिका, सोय चांगली आहे आणि मूळ डेटाबेस ती पुसून टाकत नाही, त्याला 'मेटाडेटा_प्री_रिस्टोअर.डीबी' असे नाव देऊन बाजूला ठेवते. तरी इथे मी ती पहिल्यांदा वापरणार नाही. एक तर ती सोय वापरण्यासाठी कॅलिबर उघडावे लागेल आणि उघडताक्षणी ती पुसापुशी सुरू होईल. हे टाळायचे तर आज्ञा-खिडकीतून 'कॅलिबरडीबी'ची 'रिस्टोअर_डेटाबेस' ही आज्ञा द्यावी लागेल. दुसरे असे की काही ओपीएफ जुन्या आणि काही कालच्या असल्यामुळे उभा राहणारा डेटाबेसही अर्धा जुना, अर्धा नवा असेल. तिसरे, पुस्तकागणिक साठवलेल्या रूपांतराच्या सेटिंग आणि बातम्या उतरवण्यासाठी स्वतः बनवलेल्या रेसिपी या पुनर्बांधणीत टिकत नाहीत. डेटाबेस खरोखर मोडला असेल तेव्हा ही किंमत मोजावी. इथे डेटाबेस धडधाकट आहे, त्यातला मजकूर तेवढा चुकीचा आहे.

अक्षरओळख

डेटाबेस धडधाकट असेल तर एसक्यूलाइटच्या साधनाने थेट दुरुस्त का करू नये? जुना आणि नवा असे दोन्ही डेटाबेस एकाच वेळी जोडून, क्रमांक जुळवून, जुनी शीर्षके नव्यात भरणारी एक आज्ञा लिहिता येईल. पुस्तके, लेखक, टॅग यांची कोष्टके सरळ आहेत आणि त्यांना जोडणारी कोष्टकेही नावावरून कळतात.

शब्दवेल्हाळ

आज्ञा लिहिता येईल, परंतु चालणार नाही. शीर्षकाच्या रकान्यात बदल झाला की क्रमवारीचे शीर्षक आपोआप तयार करणारा ट्रिगर कॅलिबरने त्या कोष्टकावर बसवलेला आहे. तो ट्रिगर 'टायटल_सॉर्ट' नावाचे जे फंक्शन हाक मारून बोलावतो, ते एसक्यूलाइटमध्ये नसून कॅलिबरच्या स्वतःच्या कोडमध्ये आहे. बाहेरच्या साधनातून शीर्षक बदलायला गेलात की 'नो सच फंक्शन' असा निरोप येतो आणि बदल होत नाही. काही जण चिडून ट्रिगरच काढून टाकतात. त्याने शीर्षक बदलते खरे, पण फोल्डराचे नाव जुनेच राहते आणि डेटाबेस व डिस्क यांची ताटातूट सुरू होते. वाचण्यासाठी, तुलना करण्यासाठी बाहेरचे साधन जरूर वापरावे. लिहिण्याचे काम कॅलिबरच्याच साधनांवर सोपवावे.

अक्षरओळख

समजले. ट्रिगर काढण्याचाच विचार मनात आला होता, हे येथे नोंदवून थांबतो.

वाळवी

तर प्रत्यक्ष कृती. पानकोळी, आज घेतलेल्या प्रतीतून ज्या ओपीएफ कालच्या रात्रीआधीच्या आहेत त्या वेगळ्या काढा आणि प्रत्येकीला तिच्या फोल्डरच्या कंसातील क्रमांकाचे नाव द्या. ज्या पुस्तकांच्या ओपीएफ काल रात्री पुन्हा लिहिल्या गेल्या आहेत, त्यांच्यासाठी त्याच क्रमांकाची ओपीएफ बाहेरच्या डिस्कवरच्या जुन्या प्रतीतून घ्या. हे दोन्ही मिळून एका फोल्डरमध्ये क्रमांकवार फाइली जमतील. त्यानंतर 'कॅलिबरडीबी' या आज्ञा-साधनातील 'सेट_मेटाडेटा' ही आज्ञा वापरायची. तिला पुस्तकाचा क्रमांक आणि ओपीएफचा पत्ता दिला की ती त्या पुस्तकाची नोंद त्या फाइलीप्रमाणे करते, ट्रिगरही नीट चालतो आणि फोल्डराचे नावही योग्य ते होते. फाइली पुष्कळ असल्याने ही आज्ञा फाइलीगणिक फिरवणारी दोन-तीन ओळींची स्क्रिप्ट लागेल. ती मी लिहून देईन. ही आज्ञा चालवताना कॅलिबरची खिडकी उघडी असता कामा नये, नाहीतर दुसरा कॅलिबर कार्यक्रम चालू आहे असे सांगून ती थांबते. तुमच्या बाबतीत ती उघडी नसणे हे दुहेरी सोयीचे आहे.

सगळ्या संग्रहावर फिरवण्यापूर्वी लायब्ररीच्या एखाद्या प्रतीवर चार-पाच पुस्तके निवडून करून पाहा. विशेषतः टॅगांकडे लक्ष द्या. जुने टॅग आले आणि दुकानी टॅगही तसेच राहिले असे झाले, तर आधी टॅगांचा रकाना रिकामा करून मग ओपीएफ लावावी लागेल.

मुखपृष्ठांचे मात्र वेगळे आहे. चित्र ओपीएफमध्ये नसते, ते पुस्तकाच्या फोल्डरमधील 'कव्हर.जेपीजी' या फाइलीत असते आणि ते बदलताना थेट त्या फाइलीवरच नवे लिहिले जाते. त्यामुळे जुनी मुखपृष्ठे केवळ बाहेरच्या डिस्कवरच्या प्रतीतूनच मिळतील.

टंकलेखिका

आणि जी पुस्तके त्या प्रतीनंतर आली, ज्यांच्या ओपीएफ कालच पुसल्या गेल्या, त्यांचे काय?

वाळवी

त्यांच्यासाठी आणखी एक जागा तपासता येते. लायब्ररीतील नोंद बदलली तरी कॅलिबर पुस्तकाच्या मूळ फाइलीच्या आत हात घालत नाही. पुस्तक बाहेर काढताना किंवा वाचनयंत्रावर पाठवताना नवी माहिती त्या प्रतीत घातली जाते. ईपब ही मुळात एक झिप फाइल असून तिच्या आत प्रकाशकाची स्वतःची ओपीएफ असते. नोंद संपादित करण्याच्या खिडकीत, पुस्तकाच्या फाइलीतूनच माहिती वाचून घेण्याचे बटण आहे, त्याने तिथली नोंद परत आणता येते. अर्थात हाताने भरलेले टॅग तिथे मिळणार नाहीत आणि स्कॅन केलेल्या पीडीएफच्या आत बहुधा काहीच मिळणार नाही. मधल्या काळात 'पॉलिश' किंवा 'एम्बेड' करून फाइलीतली माहिती बदलली असेल, तर हीही वाट बंद.

निमूट

फोल्डरवाल्यांच्या वतीने मी एवढेच म्हणेन की आमच्यात खिडक्याही नाहीत आणि ट्रिगरही नाहीत.

सांजवारा

निमूट यांच्या विनोदावर हसले, परंतु एका गोष्टीत फोल्डरवाले आणि कॅलिबरवाले एकाच बाजूला आहेत, हे विसरू नये. दोघांच्या फाइली त्यांच्या स्वतःच्या डिस्कवर आहेत. ज्यांची पुस्तके केवळ एखाद्या दुकानाच्या खात्यात असतात, त्यांच्याकडे पूर्ववत करण्याजोगे काही उरतच नाही. २००९ मध्ये ॲमेझॉनने हक्कांच्या वादावरून काही विकलेली पुस्तके वाचकांच्या किंडलवरून परस्पर काढून टाकली आणि नंतर त्याबद्दल माफी मागितली. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये आपले ई-पुस्तकांचे दुकान बंद केले, तेव्हा वाचकांना पैसे परत मिळाले, पण पुस्तके उघडेनाशी झाली. फेब्रुवारी २०२५ च्या अखेरीस किंडलची विकत घेतलेली पुस्तके संकेतस्थळावरून संगणकावर उतरवून यूएसबीने यंत्रावर नेण्याची सोयही काढून घेण्यात आली. यांपैकी कोणताही बदल वाचकाला मागे फिरवता आला नाही. जुनी आवृत्ती बसवा, प्रत शोधा, ओपीएफ जुळवा, हे सगळे बोलणे फाइल आपल्या हातात असेपर्यंतच शक्य आहे.

जुनाजाणता

सांजवारा यांच्याशी सहमत आहे, आणि माझा मुद्दाही त्यातूनच पुढे येतो. जे नीट चालले आहे ते अद्ययावत करूच नये. कॅलिबर वारंवार, कधी कधी आठवड्याच्या अंतराने नवी आवृत्ती काढते आणि प्रत्येक वेळी कोपऱ्यात ती सूचना लुकलुकते. मी ती सूचनाच बंद करून ठेवली आहे.

शब्दवेल्हाळ

कार्यक्रम एका यंत्रापुरता, जालाशी संबंध न ठेवता वापरत असाल, तर हे धोरण चालून जाईल. परंतु कॅलिबरचा कंटेंट सर्व्हर चालू ठेवून घरातल्या इतर यंत्रांवर किंवा बाहेरून पुस्तके वाचत असाल, तर जुन्या आवृत्तीवर बसून राहणे धोक्याचे आहे. २०२४ मध्ये ६.९ ते ७.१४ पर्यंतच्या आवृत्त्यांत अशी त्रुटी उघड झाली की परवलीचा शब्द नसतानाही बाहेरचा माणूस त्या सर्व्हरमार्फत संगणकावर स्वतःचा कोड चालवू शकत होता. तुमची ५.४४ त्या विशिष्ट त्रुटीच्या आधीची असली, तरी तिच्यातल्या इतर जुन्या त्रुटी आता कोणी दुरुस्त करणार नाही. पूर्ववत करण्याची क्षमता हवी, तशीच पुढे जाण्याचीही हवी.

मी स्वतः नवी आवृत्ती आधी पोर्टेबल (न बसवता चालणाऱ्या) स्वरूपात, वेगळ्या फोल्डरमध्ये उतरवतो आणि लायब्ररीच्या एका छोट्या प्रतीवर चालवून पाहतो. विंडोजवर ही सोय आयती मिळते. प्लगइनांच्या झिप फाइली सेटिंगच्या फोल्डरात असतात. अद्ययावत करण्यापूर्वी ते फोल्डर उतरवून ठेवले, की नको असलेले प्लगइन काढून जुनी झिप 'लोड प्लगइन फ्रॉम फाइल'ने परत बसवता येते. कार्यक्रम जुना करण्याची गरज मग फार क्वचित पडते.

जुनाजाणता

कंटेंट सर्व्हर मी वापरत नाही. परंतु प्लगइनांची झिप जपून ठेवण्याची गोष्ट माझ्या मतालाही बळकटी देणारी आहे, असे मी समजतो.

कुतूहल

एक शंका. माझी लायब्ररी एका सिंक सेवेच्या फोल्डरमध्ये आहे. ती सेवा फाइलींच्या जुन्या आवृत्त्या काही दिवस राखून ठेवते. पानकोळी यांच्यासारखी वेळ माझ्यावर आली, तर तेवढ्यावर भागेल का?

शब्दवेल्हाळ

काही अंशी भागेल. ड्रॉपबॉक्सच्या मोफत खात्यात मागच्या ३० दिवसांतल्या आवृत्त्या मिळतात, त्यामुळे बिघाड लगेच लक्षात आला तर जुनी फाइल परत घेता येते. अडचण अशी की शेकडो फोल्डरांची नावे एका रात्रीत बदलली असतील, तर एकेक फाइल मागे नेऊन काही साधत नाही. सगळा पसारा एकाच क्षणाच्या स्थितीला न्यावा लागतो. शिवाय कॅलिबर चालू असताना सिंक सेवा अर्धवट लिहिलेला डेटाबेस उचलू शकते. म्हणून लायब्ररी तिथे ठेवण्यापेक्षा, कॅलिबर बंद करून घेतलेली प्रत तिथे ठेवणे अधिक सुरक्षित. मॅकवर टाइम मशीन किंवा लिनक्सवर बीटीआरएफएस, झेडएफएस या फाइल-प्रणालींचे स्नॅपशॉट असतील, तर संपूर्ण फोल्डर एका वेळच्या स्थितीला नेणे सोपे जाते.

पानकोळी

सर्वांचे मनापासून आभार. वाळवी यांच्या स्क्रिप्टने आधी प्रतीवरच्या पाच पुस्तकांची चाचणी घेतली. शीर्षके, लेखक आणि टॅग तिन्ही जसेच्या तसे आले आणि फोल्डरांची नावेही त्यांच्या जुन्या, न वाचता येणाऱ्या रूपात परतली. त्यानंतर संपूर्ण संग्रहावर स्क्रिप्ट चालवली. बहुतेक पुस्तके पूर्ववत झाली आहेत. दोन्हीकडच्या जुन्या ओपीएफ ज्यांच्या मिळाल्या नाहीत अशी थोडी पुस्तके उरली आहेत. ती फाइलीतली माहिती वाचून आणि हाताने भरून उरकत आहे. मुखपृष्ठे जुन्या प्रतीतून घेतली.

दोन गोष्टी राहिल्या आहेत. डाव्या बाजूच्या टॅगांच्या यादीत दुकानी टॅग अजून दिसत आहेत, त्यांच्यापुढे मोजकी पुस्तके आहेत. आणि लेखकांच्या यादीत नावांचा क्रम विस्कटलेला वाटतो: काही जण नावाप्रमाणे लागले आहेत, काही आडनावाप्रमाणे.

वाळवी

टॅगांपुढची ती मोजकी पुस्तके म्हणजे अजून हाताने दुरुस्त व्हायची राहिलेली पुस्तके असणार. त्या टॅगावर टिचकी मारली की नेमकी तीच यादी समोर येईल, म्हणजे शोधण्याचे कष्ट वाचतील. ती सगळी झाल्यावर 'मॅनेज टॅग्ज'मधून दुकानी टॅग काढून टाका.

लेखकांच्या क्रमाचे कारण वेगळे आहे. प्रत्येक लेखकाचे क्रमवारीचे नाव कॅलिबर स्वतंत्रपणे साठवते. ते कसे बनवावे हे 'ट्वीक्स'मधल्या एका सेटिंगवर अवलंबून असते: नाव जसेच्या तसे घ्यायचे की आडनाव पुढे आणायचे. ती सेटिंग तपासा, तुम्हाला हवी ती पद्धत ठेवा, कॅलिबर बंद करून पुन्हा उघडा आणि 'मॅनेज ऑथर्स'च्या खिडकीत सर्व लेखकांची क्रमवारीची नावे नव्याने काढण्याचे बटण दाबा. नुसती सेटिंग बदलून जुन्या नोंदी बदलत नाहीत.

हे सारे झाले की 'लायब्ररी मेंटेनन्स'मध्ये ओपीएफच्या बॅकअपची स्थिती पाहा. शिल्लक पुस्तकांचा आकडा शून्यावर आला, की कॅलिबर बंद करून संपूर्ण फोल्डरची नवी प्रत घ्या. घाई असेल तर 'कॅलिबरडीबी'च्या 'बॅकअप_मेटाडेटा' या आज्ञेने ते काम लगेच उरकता येते.

टंकलेखिका

त्या प्लगइनच्या लेखकाला कोणी कळवले आहे का? आणखी किती जणांच्या संग्रहावरून हा हात फिरत असेल कोण जाणे.

पानकोळी

कळवले, आणि उत्तरही आले. नव्या आवृत्तीत सेटिंगची मांडणी नव्याने केल्यामुळे जुन्या सेटिंग वाचल्या जात नाहीत. 'केवळ रिकामे रकाने भरा' हा पर्याय काढलेला नाही, तो दुसऱ्या पानावर गेला आहे आणि मुळात बंद अवस्थेत असतो. पुढच्या आवृत्तीत तो मुळात चालू ठेवू, असे त्यांनी लिहिले आहे. तोवर मी जुनी झिप परत बसवली आहे.

शब्दवेल्हाळ

प्लगइने आपोआप सुचवणाऱ्या खिडकीत ते प्लगइन आता पुन्हा 'अद्ययावत उपलब्ध' म्हणून दिसू लागेल. सगळी एकदम निवडून अद्ययावत करण्याची सवय असेल, तर त्याच्यापुढची खूण तेवढी काढत चला.